कोळीण ‘कोलॅप्स’ झाली म्हणे!

प्रसंग: २०११ च्या नवरात्रापूर्वीचा बुधवार. जबाबदार: विचुंबे गावातील आमच्या गृहसंस्थेचे अध्यक्ष व सचिव. काल जिन्यात सुक्या बोंबलांचा वास आला आणि तो बुधवार डोळ्यांपुढे उभा राहिला. दर बुधवारी सुके बोंबील विकायला येणारी करंजा गावची कोळीण मावशी डोक्यावर पाटी घेऊन फाटकातून आत आली आणि समितीने झाकण काढून ठेवलेल्या गटारात पाय जाऊन पडली. बोंबील फरशीभर पसरले, तिचे मनगट सुजले. दुसऱ्या दिवशी फलकावर इंग्रजी सूचना लागली: विक्रेती ‘कोलॅप्स’ झाली, सबब तिला प्रवेश बंद. साधे ‘फॉल’ सोडून सचिवांनी हेच क्रियापद का निवडले, या कुतूहलाने मी शब्दकोश उघडला. इमारत कोलॅप्स होते, वाटाघाटी होतात, घडीची खुर्चीही होते. माणूस होतो तो आजाराने वा अशक्तपणाने. उघड्या गटाराला त्या शब्दात कोठेही जागा नव्हती. पुढच्या बुधवारी हात गळ्यात बांधून ती फाटकाशी आली, तेव्हा मी तिला सूचनेचा अर्थ सांगितला. “काका, मी काय आजारी हाय? डोक्यावर पाटी असली का खाली बघता येत नाय. झाकण काढलंव म्हणून सांगायला यांना तोंड नवतं?” तिथेच उभे असलेले सचिव म्हणाले, “मावशी, ती ऑफिसची भाषा आहे. तुम्हाला नाही कळायची.” “मना फाटक बंद झाला तेवढा कळला,” ती म्हणाली आणि वळली. ती पुन्हा आली नाही. अध्यक्ष आजही तेच आहेत. तिची उपजीविका कोणत्या अधिकाराने बंद केली, याचे उत्तर त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत, तिला सन्मानाने बोलावून, तिच्यासमोर मराठीत द्यावे.