मुस्यूची अनुमोदक

मुस्यूच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असायचा. वर्गात कुणी जरा डोकं टेकून बसलं, की हा तो झटकत हजर. "तोंड उघड. भाषण मंग देजो," म्हणायचा. ऐंशीच्या दशकात नागपूरला विद्यापीठाच्या फ्रेंचच्या वर्गात आम्ही बरोबर होतो. पांढुर्ण्याहून रोज अप-डाऊन करणाऱ्या या उंच, काटकुळ्या मुलाला 'महाशय' या अर्थाचं ते फ्रेंच नाव आम्हीच चिकटवलं होतं. त्यात थट्टाच जास्त होती. त्याने ते मानाने घेतलं.

माझं गाव त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं. मी कुणाला तरी गावाकडच्या हेलात "काय करून राहिली?" म्हणाले आणि मागून आवाज आला, "कोठची व तू? सौसरची न?" मी मान डोलावली आणि लगेच विनवलं, की कुणाला सांगू नका. मी मावशीकडे राहत होते आणि मैत्रिणींना नागपूरचीच म्हणून सांगितलं होतं. फ्रेंच मंडळात कॉन्व्हेंटच्या मुलामुलींचा तोरा चाले, आणि मला त्यांच्या नाटकात काम हवं होतं. "नाई सांगत. पण गाव काई रोग हाय का व?" एवढंच तो म्हणाला.

मंडळात कल्याण सचिव असं एक पद होतं. पाहुण्यांना सरबत दिलं की संपलं कल्याण. मुस्यूला ते पद हवं होतं मंडळाच्या खोलीसाठी; तिची किल्ली कल्याण सचिवाकडे असे. दुपारी तास संपला की तिला कुलूप लागे आणि तिगाव, पांढुर्णा, रामाकोन्याची पोरं संध्याकाळच्या गाडीपर्यंत जिन्यावर बसून राहत. एक मुलगी फणफणत्या तापात तिथेच पायरीवर आडवी झाली, तेव्हापासून तो इरेला पेटला होता. "मले पद नाई पायजे. चाबी पायजे."

अर्जावर अनुमोदकाची सही लागे. सभेत अनुमोदकाने उभं राहून आपलं नाव-गाव फ्रेंचमध्ये सांगायचं आणि मग पाठिंबा द्यायचा, अशी मंडळाची हौस. तो उठला नाही तर अर्ज बाद. अनुमोदक बाहेरगावचाच हवा, हा मुस्यूचा हट्ट. "ज्यायले चाबी लागते त्यायनंच उठलं पायजे." मी हो म्हणाले, सही केली. आठवडाभर त्याने माझ्याकडून ती चार वाक्यं घोटून घेतली. सौसरपाशी माझा आवाज खाली जाई. "गावावर काहून पडते व आवाज? जोरात सांग," म्हणत तो पुन्हा सुरुवात करायला लावी.

सभेत अनुमोदकाचं नाव पुकारलं. पुढच्या रांगेतली नाटकवाली मंडळी माना वळवून बघू लागली. त्यांत माझी ती मैत्रीण होती, जिला मी नागपूरच्या धरमपेठेतलं बालपण रंगवून सांगितलं होतं. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा पुकारलं. माझे पाय उचललेच नाहीत, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. पाय धडधाकट होते. मी उठले नाही. अर्ज बाद झाला आणि एक सरबतवाला बिनविरोध निवडून आला.

बाहेर मुस्यू माझ्यासाठी थांबला होता. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "ऐकू नसन आलं तुले. मागं बसली असशीन." मी "हो" म्हणाले. बसले होते मी त्याच्या शेजारीच, कोपराला कोपर लागेल इतकी. "जाऊ दे," म्हणून तो गाडी गाठायला निघाला.

मला नाटकात काम मिळालं. मुस्यू त्यानंतर कधी वाकडं बोलला नाही, पण माझ्या आवाजाबद्दल त्याने कुरकुरही केली नाही. ती कुरकुर मला फार आठवते. परीक्षा झाली, त्याला इटारसीकडे नोकरी लागली. माफीचं पत्र लिहायचं राहून गेलं. राहून कसलं, मी टाळलं. आणि मग एक दिवस पांढुर्ण्याच्या नातेवाइकांकडून कळलं, की तो गेला.

आता मी कुणी न विचारताही सौसरची म्हणून सांगते, चांगलं खणखणीत. ज्याच्यासाठी एकदाच सांगायचं होतं, त्याला आता त्याचं काय!