पिवळा दोरा

"नाव ऱ्हाऊ द्या, पुस्तक कसं व्हतं ते सांगा!" असं म्हणून अक्का कानावरची पेन्सिल काढायच्या आणि अंबाड्यात खोचायच्या. म्हणजे शोध सुरू झाला.

अक्का आमच्या अणदूरच्या वाचनालयात मदतनीस, त्याही तात्पुरत्या. मी ग्रंथपाल. औरंगाबादला तीन महिन्यांचा कोर्स करून आलेलो, त्यामुळं डोक्यात हवा! आल्या आल्या मी सगळ्या पुस्तकांची कार्डं लेखकाच्या आडनावानं लावली. काय रुबाब होता हो त्या कपाटाचा! पण माणसं त्याच्यापुढं उभी राहायची, एखादा खण ओढायची आणि काहीतरी चुकल्यासारखं हळूच परत लोटायची. तुम्हीच सांगा, "मागल्या बाजारी नेलेलं, त्यात बायको पळून जाते ते" असं मागणाऱ्याला लेखकाचं आडनाव कुठून ठाऊक असणार?

अक्कांनी दुसरं कपाट मांडलं. सोसायटीनं टाकून दिलेलं, बियाण्याचे नमुने ठेवायचं. कार्डाला भोक पाडून त्या दोरा बांधायच्या. रडवणाऱ्या पुस्तकाला तांबडा, हसवणाऱ्याला पिवळा, भुताखेताच्याला काळा. लेखकाचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. वर त्यांचा मजकूर: "पहिली चाळीस पानं सोडा." "सासूसमोर वाचू नये." पुस्तक परत आलं की विचारायच्या, "दोरा बरोबर हाय का? चुकला आसंल तर सांगा." आणि खरंच बदलायच्या.

कोरा पुठ्ठा परवडायचा नाही, म्हणून कार्डं लग्नपत्रिका कापून केलेली. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं लांबली आणि आमचं काम अडलं! अक्का रोज विचारायच्या, "भाऊ, कुणाचं जमलं का? तुमचं तरी उरकून घ्या की, शंभर कार्डं निघतील!" मी लाजून लेखकांच्या आडनावांत तोंड खुपसायचो.

मग तपासणी आली. शेरा चांगला पडला तर अक्कांची जागा कायम होणार, वाईट पडला तर जागाच रद्द. मी विनवलं, "अक्का, तेवढ्यापुरतं तुमचं कपाट मागच्या खोलीत ठेवू."

"का? चोरी केली का म्या?"

साहेब आले ते थेट त्याच कपाटाकडं. एक कार्ड उपसलं, उलटं केलं. "आमचे येथे श्रीकृपेकरून... हे वाचनालय आहे की लग्नाचा मांडव?" अक्कांनी पेन्सिल अंबाड्यात खोचली. "साहेब, तुमाला कंचं पुस्तक पायजे?"

"मला?" साहेब चिडले. "लहानपणी एक वाचलं होतं. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. म्हातारीची म्हैस जत्रेत हरवते. काढा!"

मी डोळेच मिटले. खण सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडून बघतो तर साहेबांच्या हातात पिवळ्या दोऱ्याचं कार्ड! त्यांनी मोठ्यानं वाचलं, "म्हैस हरवते. हसून पोट दुखतं. बाळंतिणीनं टाके सुकल्यावर वाचावं." अहो, साहेब असे खो खो हसले की बशीतला चहा सांडला. मीही हसत सुटलो. अक्का तर तोंडात पदर धरून भिंतीला टेकल्या.

शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "हे कपाट नियमाला धरून नाही. मोडू नये."

अक्का कायम झाल्या. साहेब ते पुस्तक जे घेऊन गेले ते गेलेच. नोंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. अक्का पुढं कितीतरी वर्षं टपालवाल्याला विचारायच्या. मी चिडवलं की म्हणायच्या, "धाडतील. दोरा बरोबर व्हता का ते सांगाया नगं?"

एका उन्हाळ्यात अक्का माकणीला लेकीकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मला फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दोन महिन्यांनी टपालानं ते पुस्तक आलं. आत चिठ्ठी होती. "अक्का, उशिराबद्दल माफी. पत्नी वारल्यावर पुन्हा वाचायला घेतलं. शेवटी म्हातारी जत्रेतून एकटीच घरी येते, तिथं फार रडलो. दोरा चुकला आहे."

मी ते कार्ड काढलं. पिवळा दोरा काही मला सोडवेना. त्याच भोकातून शेजारी तांबडा ओवला. गाठ अक्कांसारखी बसली नाही.