‘इ’मध्ये नाव नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. जिला सांगायला हवं होतं तिलाही नाही. आता पन्नाशी आली. लिहून टाकतो.

पुण्याचं वसतिगृह. रविवारची दुपार. खोलीत सात-आठ जण. अरविंदनं काडी पेटवून माझ्या तोंडासमोर धरली.

“ह म्हण.”

अरविंद आमच्या पनवेलचाच. वकिलाचा मुलगा. खरा ‘ह’ छातीतून येतो आणि तो आला की काडी विझते, हा शोध त्याचा. मी म्हटलं. ज्योत हलली नाही. सगळे हसले. त्यानं दुसरी काडी ओढली.

“म्हण, महाराष्ट्र.”

“माराष्ट्र.”

“अरे, याला राज्य नकोय. मार हवाय.”

मीही हसलो. हसलो नसतो तर तिसरी काडी पेटली असती.

आम्ही पनवेलच्या खाडीपलीकडचे. मिठागरात राबणारे आगरी. आमच्या तोंडात ह टिकत नाही. ‘हाय’, ‘होता’ म्हणताना कसाबसा येतो, बाकी ठिकाणी गळतो. आमी, तुमी, नाय. हे वाईट आहे हे मला पुण्यात कळलं. मग मी एकटाच न्हाणीघरात काड्या घेऊन बसायचो. दोन वर्षं. शेवटी काडी विझायला लागली.

त्या सुमारास देशातली दुसरी निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. वसतिगृहात सगळे एकाच बाजूचे. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य झालं पाहिजे. मीही त्याच बाजूचा, अगदी मनापासून. दिवाळीत घरी गेलो तेव्हा चुलीपाशी बसून आईला सगळं समजावलं. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची. आपल्या उमेदवाराची पेटी कुठली, तिच्यावर चित्र कसलं असेल. तिनं ते चित्र राखेत बोटानं काढून दाखवलं. बरोबर काढलं.

पण जेवणाच्या टेबलावर वसतिगृहात वाद व्हायचा तो वेगळाच. अडाण्यांना मत असावं का. अरविंदचं म्हणणं ठरलेलं. मॅट्रिक झालेल्यालाच मत द्या, देश सुधारेल. मी भात कालवत राहायचो. माझी आई अंगठा उठवायची.

मत एकविसाव्या वर्षी. पनवेलच्या आम्हा पाच जणांत तिघांचंच वय झालेलं. अरविंद, त्याचा एक मित्र आणि मी. नावं पनवेलच्या यादीत. उमेदवाराच्या माणसांनी मोटार पाठवून आम्हाला आणवलं. शिकलेली पोरं टेबलावर दिसली की वजन पडतं म्हणे.

मतदान शाळेत होतं. उमेदवाराचं टेबल शाळेबाहेर. मतदार आला की त्याचा यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मग त्यानं आत जायचं. टेबलावर नाव नाही म्हटलं की गावची माणसं आत न जाता परतायची. सरकारी यादी घरांच्या क्रमानं असते, नाव शोधायला वेळ लागतो. म्हणून मी दोन दिवस बसून आमच्या गावची यादी नव्यानं लिहिली. अकारविल्हे. वळणदार अक्षरात. अरविंदनं पाठ थोपटली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुपारी ओहोटी होती. आमच्या गावच्या बायका खाडीच्या चिखलातून गुडघाभर रुतत आल्या. ठेवणीतली लुगडी, पाय चिखलाचे. शाळेच्या हौदावर पाय धुऊन ओळीत उभ्या राहिल्या.

पहिली आमची शेजारीण. अरविंदनं नाव विचारलं.

“असू.”

त्यानं ‘अ’ काढला. बोट वरून खाली फिरवलं. “‘अ’मध्ये नाव नाही. पुढचा.”

मला माहीत होतं. ती हसुबाई. ‘ह’मध्ये तिसऱ्या ओळीत, माझ्याच अक्षरात. सांगितलं असतं तर अरविंदच्या मित्रानं हसून विचारलं असतं, तुला रे कसं कळलं, घरी असंच बोलता ना. मी दौतीचं झाकण फिरवत बसलो. मग औसा आली, ती हौसा. मग त्यांच्यासोबत आलेला अरी, तो हरी. नाव नाही, नाव नाही. अरविंद मित्राला हळूच म्हणाला, जाऊ दे, यांची मतं विरुद्ध उभ्या असलेल्या मिठागरवाल्या शेठच्याच पेटीत पडणार.

चौथी माझी आई.

तिनं मला पाहिलं. पांढरी विजार, हातात टाक. हसली. मी मान खाली घातली. तिचं हसू मिटलेलं मला न बघता कळलं.

“नाव?”

“इरा.”

“‘इ’मध्ये नाव नाही.”

“आसल रं. नीट बग.”

अरविंद माझ्याकडे बघून हसला. त्यानं खिशातून काड्यापेटी काढली. काडी पेटवून आईच्या तोंडासमोर धरली. “हिरा म्हणायचंय का मावशी? मग आधी ह म्हणा. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्यानं मत कशाला द्यायचं?”

म्हणजे त्याला कळत होतं. पहिल्या नावापासून कळत होतं. दोन वर्षं माझ्या तोंडासमोर काड्या जाळलेला माणूस, त्याला कळणार नाही तर कुणाला?

आईला त्यातलं काही समजलं नाही. तिनं जळत आलेली काडी बघितली आणि वाकून फुंकर घातली.

“बोट भाजंल ना पोरा तुजा.”

टेबलावरचे सगळे हसले. अरविंदनं माझ्याकडे वळून विचारलं, “तुमच्याच बाजूची दिसते. ओळखतोस का रे हिला?”

मी म्हणालो, “नाही.”

स्वच्छ ह. छातीतून आलेला. इतका शुद्ध मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

आई लगेच म्हणाली, “नाय वळखीत तो. मी जाते.” आणि गेली. इतर तिघंही तिच्यामागून गेली. भरती लागायच्या आत खाडी ओलांडायची होती.

थोड्याच वेळात, चारच्या सुमाराला ओळ संपली. अरविंद खुर्चीत रेलून शेंगा खात होता. मी विचारलं, तू मत दिलंस का. तो म्हणाला, त्या चिखलाच्या पायांत कोण उभं राहणार, माझ्या एका मतानं काय अडतंय. मित्रानंही दिलं नव्हतं. दोघांना संध्याकाळी नाटकाला जायचं होतं.

मी माझी ती यादी उचलली. फाडली. सावकाश, एकेक पान.

“ती माजी आय हाय,” मी म्हणालो. “तिचा नाव इरा.”

अरविंदचा शेंगा सोलणारा हात थांबला. “अरे, मग सांगायचंस ना. गंमत केली.”

“मी सांगनार नाय, तुला ठावं होता. म्हनून केलीस.”

मी धावत खाडीवर गेलो. पाणी चढलं होतं. पलीकडच्या बांधावर चार माणसं लहान होत चाललेली दिसली. हाक मारली असती तरी पोचली नसती. मी मारली नाही. परत आलो तेव्हा शाळेचं दार बंद झालं होतं.

आम्हा तीन शिकलेल्यांपैकी एकानंही मत दिलं नाही.

आमचा उमेदवार निवडून आला. सत्काराच्या सभेत अरविंदच्या गळ्यात हार पडला. विद्यार्थी जागा झाला, असं तो बोलला. टाळ्या पडल्या.

घरी गेलो तेव्हा आईनं गावात सांगून टाकलं होतं, माजा नाव यादीत नव्ता. मला भात वाढला. दिवाळीतल्या चित्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. पुढची निवडणूक यायच्या आत ती तापानं गेली.

मी मराठीचा मास्तर झालो. आणि वीस वर्षं पोरांच्या वहीतल्या ‘नाय’खाली लाल रेघ मारली. हेही सांगायचं होतं. अरविंदची काडी मी माझ्या हातात घेतली होती, फक्त तिचा रंग लाल होता.

आता मारत नाही. मतदानाच्या दिवशी गावच्या टेबलावर मी बसतो, यादी मीच लिहितो. कुणी हिरा असेल तर ती ‘ह’मध्ये, आणि ‘इ’मध्येही. कुणालाही दोनदा नाव विचारू देत नाही. कुणी हसला तर त्याला टेबलावरून उठवतो. तो कुणाचा मुलगा आहे ते बघत नाही.

असुबाय अजून आहे. त्या वर्षी सरकारनं आपलं नाव खाल्लं असं तिला वाटतं. सरकारनं नाही, मी. येत्या मतदानाला ती ओळीत येईल तेव्हा गावासमोर तिला हे सांगणार आहे. आमच्या बोलीत.

मग उरते आई. ‘ती माजी आय हाय’ हे मी अरविंदला ऐकवलं. तिच्या पाठीमागे, ती खाडीपार गेल्यावर. तिच्यासमोर म्हणायचं राहिलं. तेवढं एक वाक्य मी तिचं देणं लागतो.