तीनशे बारा नंबरची पेशंट

डॉक्टर कर्णिक गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींबद्दल बोलायला लागल्या की नव्या माणसाला वाटायचं, शेजारच्या बायकांविषयी चाललंय. नौपाड्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळे लावायला सांगितलं.

"बघ, कशा तयारीला लागल्यात. पंधरा दिवसांपूर्वी सुतासारख्या बारीक होत्या. आता फुगल्यात, गोल झाल्यात, आत साखर साठवून बसल्यात."

"म्हणजे बाई गरोदर आहे?"

"नाही गं. दर महिन्याला करतात. कोणी येणार की नाही हे ठाऊक नसताना. नाही आलं, तर सगळं टाकून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात."

मॅडम साठीच्या होत्या. डोंबिवलीला बहिणीबरोबर राहायच्या. साडी सुती, पायांत कॅनव्हासचे बूट, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. पेशंटचा फॉर्म त्या टेबलावर पालथा ठेवायच्या. आधी स्लाइड बघायची, मत लिहायचं, मगच फॉर्म उलटायचा. बाहेरचे डॉक्टर यावर हसायचे. मला मात्र त्या सारखं बजावायच्या, "दिसतं ते सांग. वाटतं ते नंतर."

लग्नानंतर चार वर्षांनी मला दिवस राहिले आणि सातव्या आठवड्यात अंगावरून जाऊ लागलं. आम्ही कळव्याला राहायचो. तिथल्या नर्सिंग होममध्ये अर्धवट गर्भपात झालाय असं सांगून पिशवी साफ केली. "पिशवीच कमजोर असेल हिची," सासूबाई म्हणाल्या. त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. मलाही तसंच वाटत होतं. काढलेला नमुना आमच्याच लॅबमध्ये येणार हे मला माहीत होतं, पण मी लॅबमध्ये ताप आलाय असं सांगून रजा घेतली होती. फॉर्म घेणाऱ्या स्मिताने नाव ओळखलं आणि माझ्यासाठी गप्प राहिली.

चौथ्या दिवशी मी कामावर आले. पोटात डावीकडे दुखत होतं. पिशवी साफ केल्यावर दुखणारच, असं म्हणून मी ते अंगावर काढत होते. अकराच्या सुमारास मॅडमनी केबिनमधून हाक मारली. डोळे मायक्रोस्कोपलाच होते.

"तीनशे बाराची पेशंट कोण आहे बघ. फोन लाव तिला, आत्ता."

"काय झालं मॅडम?"

"अस्तर पूर्ण तयार आहे, गरोदरपणात असतं तसं. पण ज्या मुळांनी गर्भ पिशवीला धरून राहतो, त्यांतलं एकही सापडत नाहीये. दोनदा शोधलं. एक तर गर्भ आधीच पडून गेला असेल, किंवा तो पिशवीत नव्हताच, पिशवीकडे येणाऱ्या नळीत आहे. तसं असेल तर नळी फुटून ही बाई कुठल्याही क्षणी कोसळेल."

मी शेजारी पालथा पडलेला फॉर्म उलटला. त्यावर माझं नाव होतं.

"मॅडम, मी आहे."

"तू आहेस ते दिसतंय मला. पेशंट कुठे आहे?"

"मीच आहे. पेशंट."

त्यांनी मान वर केली. इतकी वर्षं काय काय भयंकर बघून जो चेहरा हलला नव्हता, तो पांढराफटक पडला. जी बाई कोसळणार होती तिचे पाय मला माझ्या चपलांत दिसत होते.

"खाली बस," त्या म्हणाल्या. "उभी राहू नकोस. कुठे दुखतंय?"

मी डावीकडे हात नेला. रिक्षात माझं मनगट धरून, नाडी मोजत, त्या मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. सोनोग्राफीत डावी नळी फुगलेली दिसली, पोटात रक्त उतरायला लागलं होतं. दुपारी ऑपरेशन झालं. डावी नळी काढावी लागली.

संध्याकाळी मॅडम वॉर्डात आल्या. सासूबाईंनी पुन्हा पिशवीचा विषय काढला, तशी त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, हिचं अस्तर मी स्वतः बघितलंय. इतकं छान तयार झालेलं फार थोड्या वेळा दिसतं. गर्भ वाटेतच अडकला. त्याचा निरोप रक्तातून पोचला होता, म्हणून हे बिचारं जागा करून बसलं. हिच्या पिशवीने तिचं काम चोख केलंय."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या आणि माझ्यासाठी चहा आणायला गेल्या.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "तुला एक सांगते. मी नवी होते तेव्हाची गोष्ट. फॉर्मवर गर्भपात असं लिहिलेलं. अशाच पेशी, मुळं नाहीत. आणि मी रिपोर्ट दिला, गर्भपाताशी जुळतं. लिहिलेलं होतं तेच मला दिसलं. तीन दिवसांनी ती मुलगी घरात पडली आणि वारली. बावीस वर्षांची होती. तेव्हापासून मी फॉर्म आधी वाचत नाही."

सकाळचा धक्का मी भूल उतरल्यावर कसाबसा पचवला होता. हा पचेना. ज्या बाईने मला वाचवलं तिच्या हातून माझ्यासारखीच एक गेली होती. त्यांनी माझी चादर नीट केली आणि म्हणाल्या, "झोप आता."

पुढे मला मुलगी झाली, उरलेल्या एका नळीवर. ती तीन वर्षांची असताना एका सकाळी मॅडमनी मला कपाटातल्या तीस जुन्या स्लाइड काढायला सांगितल्या, नंबरवर कागद चिकटवून. मला वाटलं विद्यार्थी येणार असतील. पण त्या स्वतःच वाचायला बसल्या. त्या सांगायच्या, मी लिहायचे. मग जुने रिपोर्ट काढून आम्ही ताडून बघितलं. एकोणतीस जुळल्या.

"एक चुकली," मॅडम म्हणाल्या.

"साधी केस होती मॅडम. पेशंटला काही फरक पडला नसता."

"या पेशंटला नसता पडला."

त्यांनी कागद घेतला, लॅबच्या मालकांना दोन ओळींचं पत्र लिहिलं, चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, विश्रांती घेतायत. पर्स खांद्याला लावून त्या उभ्या राहिल्या तेव्हा मला कळलं, परीक्षा त्यांनी स्वतःचीच घेतली होती आणि पत्र राजीनाम्याचं होतं. या लॅबमधलं अठ्ठावीस वर्षांचं काम त्यांनी दुपारी अडीच वाजता संपवलं होतं.

"मॅडम, निदान उद्या तरी..."

"वैशाली, आजच्या सात स्लाइड राहिल्यात. दुसऱ्या लॅबमधल्या ठाकूर डॉक्टरांना बोलावून घे. बायका रिपोर्टची वाट बघत असतील."

त्या बाहेर पडल्या. मी डोळे पुसले आणि ठाकूर डॉक्टरांना फोन लावला.