पहिल्या धमाक्याची वाट

माझ्या लिमेजा मावशीचे कान फार तिखट होते. विमान अजून समुद्रावर लांब असायचं, आम्हाला लाटांशिवाय काही ऐकू यायचं नाही, आणि ही हातातली चटई टाकून म्हणायची, "आले मेले!" की थोड्या वेळाने खरंच यायचे.

रोज यायचे. शेजारची बेटं अमेरिकनांनी घेतली, तिथे धावपट्टी केली आणि आमच्या बेटावरचे जपानी शिपाई तसेच सोडून दिले. उतरायचं नाही, लढायचं नाही. सकाळी यायचं, बॉम्ब टाकायचे आणि जेवायला घरी जायचं. दीड वर्ष हेच. बॉम्बना शिपाई कोण आणि आम्ही कोण, काय कळणार?

शिपायांचं धान्याचं जहाज येणं बंद झालं. मग त्यांनी बेटावरचे सगळे माड, सगळे नीरफणस आपले म्हणून जाहीर केले. आमच्या आज्यांनी लावलेल्या झाडाला आम्ही हात लावला तर आम्ही चोर! माझ्या धाकट्या दिराला त्यांनी एका शहाळ्यापायी मारला. माझा नवरा तेव्हा तोफांपाशी वेठीला होता, म्हणून मी मावशीकडे येऊन राहिले होते.

मावशीचा नवरा लाएलांग काका होड्या करायचा. जमीन मावशीची, काका तिच्या जमिनीवर राहायला आलेला, हे ती त्याला दिवसातून एकदा तरी ऐकवायची. काका हसायचा. बोलण्यात तिला कोण पुरं पडणार!

त्यांची एकुलती मुलगी तबिथा लग्न होऊन शेजारच्या बेटावर गेली होती. एका सकाळी अमेरिकनांची छोटी बोट बेटाभोवतालच्या खडकांबाहेर आली, आणि तिच्या भोंग्यातून आमच्याच भाषेत आमच्यातलाच कुणी माणूस बोलायला लागला. या, पोहत या, इथे अन्न आहे. आणि लिमेजाबाईंना सांगा, तबिथाला मुलगा झाला. जे पोहत निघाले त्यांच्यावर शिपायांनी किनाऱ्यावरून गोळ्या घातल्या. बोट पुन्हा फिरकली नाही.

मावशी रात्रंदिवस एकच बोलायला लागली. नातवाच्या पहिल्या वर्षाच्या जेवणाला मी तिथे असणार म्हणजे असणार. आमच्याकडे मूल वर्षाचं झालं की सगळं गाव जेवतं, आणि त्या जेवणात आईच्या आईने मूल मांडीवर घेतलं नाही तर लोक तिला मेलेलीच समजतात.

"जाणार कशावर?" काका म्हणाला. "माझ्या पाठीवर बसून?"

"होड्या करतोस ना? कर एक."

"कशाची करू? लाकूड दे." त्याने अंगणातल्या मोठ्या नीरफणसाकडे बघितलं. आमची होडी नीरफणसाचीच होते.

"त्याला हात लावलास तर हात तोडीन," मावशी म्हणाली. तिच्या आईचं झाड ते. शिपायांची नजर चुकवून चार फळं त्याच्यामुळेच आमच्या पोटात जात होती. झाड तोडलं तर खायचं काय, नाही तोडलं तर जायचं कसं? यावर दोघं पंधरा दिवस भांडली. शेवटी भांडण एका बॉम्बने मिटवलं. झाड मुळासकट आडवं झालं. मावशी त्याला मिठी मारून रडत होती आणि काका बुंध्यावर वीत टाकत पुढे सरकत होता.

"माझी आई मेल्यासारखी मी रडतेय, आणि हा माप घेतोय! काळीज आहे का तुला?"

"रड तू," काका म्हणाला. "पण जरा पलीकडे बसून रड. मधे येतेस."

होडी करताना सापडलं तर मुंडकं उडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. लाकूड झावळ्यांखाली लपवता येतं, पण तासणीचा आवाज कुठे लपवणार? तो तर बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तोड काकानेच काढली. बॉम्ब पडायला लागले की शिपाई बिळात शिरतात, आणि त्या गदारोळात तासणी कुणाला ऐकू येते? सगळं बेट खड्ड्यात लपायचं तेव्हा आमचा काका बाहेर पडायचा.

त्याचा नेम एकच होता. पहिला धमाका झाल्याशिवाय तासणी उचलायची नाही. मावशी झाडाच्या मुळांवर बसून आभाळाकडे कान लावायची. ती म्हणायची, "आले," काका तासणी हातात धरून थांबायचा, धमाका व्हायचा, मग मावशी म्हणायची, "लाग!" शेवटचं विमान वळलं की, "पुरे!" मी ढलप्या गोळा करून बॉम्बच्या खड्ड्यातल्या पाण्यात नेऊन टाकायची. सगळं जग ज्या विमानांना शिव्या देत होतं त्यांची आम्ही वाट बघत होतो. पाऊस झाला, विमानं आली नाहीत की मावशी चिडायची. "आळशी मेले! यांना बसून पगार मिळतो वाटतं."

शीड आम्ही दोघींनी केवड्याच्या पातीचं विणलं. ओनुकी नावाचा हवालदार होता. युद्धाच्या आधीपासून बेटावर, आमची भाषा बोलायचा. तो एकदा येऊन उभा राहिला.

"बाई, केवढी मोठी चटई ही?"

"माझा नवरा झोपेत लोळतो," मावशी म्हणाली. "तुझ्या बायकोला नाही का हा त्रास?"

ओनुकी हसला. त्याचेही गाल आत गेले होते. त्या दिवशी मला त्याची दया आली होती. आता वाटतं, आलीच कशी!

महिने गेले. पोट पोकळ झालं, बाजू पातळ झाल्या, होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधायची उलांडी तयार झाली. नुसतं टोक उरलं होतं. नातवाचं वर्ष जवळ आलं होतं. मावशीला दम निघेना, आणि रोजच्या सवयीने दोघांचीही भीड चेपली होती. विमानं ऐकू आली की धमाका होणारच, मग थांबायचं कशाला? आधी ती धमाक्याबरोबर "लाग" म्हणायची. मग जरा आधी म्हणायला लागली. काकाही लगेच लागायचा. त्यालाही नातू बघायचा होता.

त्या सकाळी विमानं नेहमीच्या वेळेला आली. आवाज तोच. शिपाई बिळात गेले.

"आले," मावशी म्हणाली. "लाग!"

काका खाली मान घालून ठोकायला लागला. विमानं डोक्यावर आली, पुढे गेली. धमाका नाही. मी वर बघितलं तर आभाळातून कागद पडत होते. पांढरे, सावकाश, माडांवर, पाण्यावर. सगळं बेट चिडीचूप, आणि त्यात एकट्या तासणीचा आवाज. ठक, ठक, ठक. होडीच्या पोटात डोकं घालून ठोकणाऱ्या माणसाला आपलाच आवाज मोठा वाटतो, त्याला काय कळणार? मावशी ओरडली, "पुरे! अरे पुरे!" तोवर ओनुकी दोन शिपाई घेऊन आला होता.

एक कागद त्याच्या मुठीत होता. जपान शरण गेलं, लढाई संपली, असं त्यावर त्याच्याच भाषेत लिहिलं होतं हे आम्हाला नंतर कळलं. त्याने वाचला होता की नाही, देव जाणे. त्याने होडी बघितली, मावशीकडे बघितलं, आणि म्हणाला, "ही तुझी चटई?" काका तासणी खाली ठेवून उभा राहिला. शिपायांनी त्याला होडीच्या कडेलाच संगिनीने भोसकला. मावशीला त्यांनी सोडून दिली. मलाही मारली असती तर बरं झालं असतं, असं ती मरेपर्यंत म्हणत होती.

काही दिवसांनी अमेरिकन उतरले. ओनुकीला त्यांनी डब्यातलं मांस खायला दिलं, औषध दिलं, आणि जहाजात बसवून त्याच्या घरी पाठवला. असा न्याय! होडीला मावशीने कुणाला हात लावू दिला नाही. ती जागच्या जागी कुजली.

एक तरुण गोरा अधिकारी घरोघर फिरत होता, बरोबर तबिथाच्या सासरचा दुभाषा. नातवाचं जेवण चार दिवसांवर आहे, आमच्या जहाजातून चला, असं सांगायला आले होते. अधिकाऱ्याने टोपी काढून विचारलं, "बाईंना आणखी काही हवंय का?"

"विचार त्याला," मावशी म्हणाली, "त्या दिवशी बॉम्ब का नाही टाकलात?"

दुभाषा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांग, जसं बोलली तसं सांग." त्याने सांगितलं. अधिकारी बिचारा गोंधळला, मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, की लढाई संपली होती, आता आणखी कुणी मरू नये म्हणून.

मावशीने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रोज टाकलेत. आणखी एक दिवस टाकले असते तर तुमचं काय बिघडलं असतं?"

हे मात्र दुभाष्याने त्याला सांगितलं नाही. त्याने मावशीचं बोचकं उचललं आणि आम्ही सगळे जहाजाकडे चालायला लागलो.