यतीननं निवडलेला पिचर

माझ्या नवऱ्याला, यतीन देवपुजारीला, कुणी चहा विचारला की तो आधी ‘नको’ म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं की ‘कशाला उगीच त्रास’. तिसऱ्यांदा विचारलं की दोन कप पितो. त्याच्या नागपुरात यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण तिथं विचारणारा तीनदा विचारायच्या तयारीनंच आलेला असतो. कॉलेजच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन तो असाच झाला. आधी नाही, मग ‘माझ्यापेक्षा चांगली पोरं आहेत’, मग सगळ्यांनी मिळून धरून बसवला. आमचं लग्नही त्यातलंच. पोहे खाऊन निघताना माझ्या वडिलांना म्हणाला, ‘बघू, घरी बोलून सांगतो.’ मी म्हटलं, चला, संपलं. बाबांनी निवांत दोन फोन केले, आणि दुसऱ्या फोनला हा म्हणाला की मुलगी पहिल्याच दिवशी पसंत होती. मी पुण्याची. आमच्याकडे नाही म्हणजे नाही, आणि वर कारणही सांगत नाहीत. पण इतकी वर्षं नागपूरकराशी संसार केल्यावर मलाही त्या तीन फेऱ्यांची सवय झाली.

अमेरिकेत आल्यावर त्याचं हे सगळं गणित बिघडलं. अल्फारेटा नावाच्या गावातल्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम कुठं मोडतो ते शोधायचं, हे त्याचं काम. कामात हुशार आहे, मी बायको म्हणून सांगत नाही. टीम लीडची जागा निघाली तेव्हा बॉसनं मीटिंगमध्ये त्याच्याकडे बघून विचारलं, ‘इंटरेस्टेड?’ हा हसला आणि म्हणाला, बाकीचेही आहेत की. बॉसनं बाकीच्यांतला एक घेतला. असं दोनदा झालं. मी डोक्याला हात लावला. तो म्हणाला, ‘जाऊ दे गं, त्यात काय.’ खरंच त्याला त्यात काही नव्हतं, कारण त्या नोकरीत त्याचा जीव नव्हता.

जीव होता बेसबॉलमध्ये. कंपनीनं एकदा पिकनिक म्हणून सगळ्यांना मॅचला नेलं होतं. आमच्याकडून तासाभराच्या ड्राइव्हवर एक गाव आहे, तिथली ऑटर्स नावाची टीम. पगारी खेळाडूंची टीम खरी, पण व्यावसायिक बेसबॉलच्या उतरंडीत अगदी तळाला. मोठ्या टीम्सनी सोडून दिलेले आणि मोठ्या टीम्सनी कधी घेतलेच नाहीत असे, दोन्ही प्रकारचे लोक तिथं खेळतात. बाकीचे हॉटडॉग खाऊन विसरून गेले. हा मात्र दर शनिवारी जायला लागला. पहिल्या वर्षी शेजारच्यांशी वाद घालायचा, की तो पहिला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, एवढा चांगला होता, थोडी विश्रांती देऊन परत का आणत नाहीत? क्रिकेटमध्ये बोलर दुसऱ्या स्पेलला येतो ना. शेवटी कुणीतरी सांगितलं, बाबा रे, इथं एकदा काढलेला खेळाडू त्या दिवसापुरता संपला, परत येत नाही. यतीनला हे फार क्रूर वाटलं. दोन दिवस त्याच विषयावर बोलत होता.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात ऑटर्सची पार रया गेली. नऊपैकी सहाव्या इनिंगपर्यंत पुढे असायचे आणि शेवटी हरायचे. सुरुवातीचा पिचर दमला की त्याच्या जागी ताज्या दमाचा आणतात, त्याला रिलीफ पिचर म्हणतात. या टीमचे रिलीफ पिचर म्हणजे नावालाच रिलीफ. यतीननं टीमचा जनरल मॅनेजर डेल हचिन्स याला लांबलचक ईमेल लिहिली. समोरासमोर पाण्याचा ग्लास न मागणारा हा माणूस ईमेलमध्ये एकदम वाघ असतो. त्यानं लिहिलं की तुमचा मुख्य रिलीफ पिचर कोडी कागदावर उत्तम दिसतो, पण तुम्ही बघताय ते चुकीचं.

मला त्यानं भाजी चिरता चिरता समजावलं होतं. कोडी आला तेव्हा बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेतल्या थांब्यांवर, समोरच्या टीमचे दोन खेळाडू आधीच उभे असले, आणि याच्या पिचिंगवर ते धावत घरी, म्हणजे निघाले तिथं परत, पोचले, तर त्या धावा आधीच्या पिचरच्या नावावर जातात. कोडीच्या नावावर काहीच लागत नाही. म्हटलं, म्हणजे शेजारणीकडे जाऊन तिची बरणी फोडायची आणि आपल्या घरात काही फुटलं नाही म्हणून मिरवायचं. तो म्हणाला, अगदी तेच.

डेलनं उत्तर दिलं. नुसतं उत्तर नाही, बोलावलंच. कोडीच्या जोडीला एक नवा रिलीफ पिचर घ्यायचा होता आणि तीन जण चाचणीला येणार होते. येतोस का बघायला? हे ईमेलवर विचारलेलं, त्यामुळे यानं ईमेलवर लगेच हो म्हटलं.

मीही गेले होते, सोबत आमची लेक इला. ती चौदा वर्षांची, इथंच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. तिघांनी आळीपाळीनं बॉल टाकले. एक उंच तरुण होता, बॉल एवढा जोरात टाकायचा की पकडणाऱ्याच्या हातमोज्याचा आवाज पार्किंगपर्यंत यावा. दुसराही तसाच. तिसरा पेराल्टा, डोमिनिकन रिपब्लिकचा, पस्तिशीला आलेला, पोट सुटलेलं. हात बाजूनं फिरवून हळू बॉल टाकायचा. इतके दिवस एका गोदामात ट्रक भरत होता. कोच त्याच्याकडे बघतही नव्हता.

यतीन डेलच्या कानाशी लागला. बेसवर माणसं उभी करा, म्हणाला. रिकाम्या मैदानात सगळेच छान टाकतात. प्रोग्राम सुरळीत चाललेला असताना कोण तपासतं? तो मोडायला आला की काय करतो ते बघायचं. डेलनं टीममधल्या तिघांना तीन बेसवर उभं केलं. उंच पोराचा चेहरा बदलला. तो त्या तिघांकडेच बघत राहिला आणि त्याचा बॉल भलतीकडे जायला लागला. दुसरा घाईवर आला. पेराल्टानं एकदा टोपी सारखी केली आणि मघासारखेच हळू, खाली वळणारे बॉल टाकत राहिला. मारणाऱ्यांनी मारले, पण सगळे पायाशी, मातीत. घरी कुणीच पोचलं नाही. कोच कुरकुरला. डेलनं पेराल्टाला घेतलं.

दहा-बारा दिवसांत फरक दिसला. टीम काही जगज्जेती झाली नाही, पण हातातल्या मॅचेस घालवायची थांबली. यतीन घरात शीळ घालत फिरायचा. मी त्याला आजवर असं कधी बघितलं नव्हतं. मला म्हणाला, ‘राधिका, हेच काम रोज करायला मिळालं तर?’ आणि लगेच, ‘नाही, आपलं उगीच म्हटलं.’ त्याच वर्षी आमचं ग्रीन कार्ड आलं होतं. म्हणजे आता कंपनीनं धरून ठेवायचा प्रश्न नव्हता, तो कुठंही नोकरी करू शकत होता. मला कळलं, याला हे हवंय. चाळिशी उलटून गेल्यावर पहिल्यांदा माणसाला मनापासून काहीतरी हवं होतं.

म्हणून डेलला जेवायला बोलावलं. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, घरी चक्का बांधून केलेलं श्रीखंड. डेल मोठा भला माणूस. सगळं चाखलं, आवडलं म्हणाला. मी आणखी पुऱ्या घेऊन गेले तर म्हणाला, नो, थँक यू, आय अ‍ॅम फुल. मी दोन वाढल्या. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मुकाट्यानं खाल्ल्या.

मग श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवून तो यतीनला म्हणाला, ‘पुढच्या महिन्यापासून आम्हाला फुल टाइम माणूस हवाय. खेळाडू बघायचे, तपासायचे, मला सांगायचं. तू येशील?’

माझ्या हातातला डाव हातातच राहिला. यतीनचे कान लाल झाले. तो म्हणाला, ‘नो, नो, नो. मी काय, मी क्रिकेटवाला. तुमच्याकडे खरी बेसबॉलची माणसं आहेत.’

‘फेअर इनफ,’ डेल म्हणाला. ‘विचारून बघायचं होतं, बघितलं.’ आणि त्यानं केशराबद्दल विचारलं, ते कुठून आणता म्हणून.

आता गंमत बघा. मी काही बोलले नाही, कारण मी वाट बघत होते. यतीनही वाट बघत होता. पानावरून उठताना विचारेल, कॉफीला विचारेल, निदान बूट घालताना तरी. डेलनं बूट घातले, आभार मानले, श्रीखंडाचा डबा घेतला आणि गेला.

दार लागल्यावर इला म्हणाली, ‘बाबा, ही जस्ट ऑफर्ड यू अ जॉब. अँड यू सेड नो.’

‘अगं, तो परत विचारेल,’ यतीन म्हणाला. ‘एकदा विचारून कुणी थांबतं का?’

‘एव्हरीबडी स्टॉप्स, बाबा. यू सेड नो.’

पोरगी खरं बोलत होती, आणि आम्ही दोघं थोरली माणसं तिला समजावत बसलो की तसं नसतं. दुसऱ्या दिवसापासून यतीन फोन खिशात घेऊन बाथरूमला जायला लागला. मी म्हटलं, तूच कर ना फोन. तो म्हणाला, ‘आपण होऊन कसं म्हणायचं? बरं दिसत नाही ते.’ मी म्हटलं, बरं दिसण्यासाठी जन्म घातलास सगळा. भांडण झालं. मी चिडले की कपाटं आपटते, त्या आठवड्यात एक बिजागरी निखळली. पुढच्या आठवड्यात मी नुसती गप्प राहिले, आणि बहुतेक त्यालाच तो घाबरला. शनिवारी सकाळी शर्टाला इस्त्री करून म्हणाला, ‘चल. मी विचारतो.’

गाडी मी चालवली. वाटेत तो इंग्लिशमध्ये वाक्य पाठ करत होता. आय वुड लाइक टु टेक द जॉब. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका बिनचूक लिहून देणारा माणूस, त्याची त्या एका वाक्यापुढे बोबडी वळत होती. मी हसू दाबून रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

डेल स्टेडियमच्या गेटपाशीच भेटला. यतीननं वाक्य म्हटलं, पाठ केलं तस्संच. डेलचा चेहरा पडला.

‘ओह मॅन,’ तो म्हणाला. ‘ती जागा मी गुरुवारी भरली. एका माणसाला शब्द दिलाय.’ मग म्हणाला, ‘यतीन, तू नाही म्हणालास. एकदा नाही, तीनदा म्हणालास.’

तीन ‘नो’ म्हणजे यतीनच्या हिशेबात तीनपट सभ्यपणा. डेलच्या हिशेबात तीनपट नकार. मला त्या भल्या माणसावर राग काढायचा होता, पण काढणार कसा? त्यानं विचारलं होतं. आमच्या घरात, आमच्या टेबलावर, माझ्या पुऱ्या खाऊन विचारलं होतं.

‘इट्स ओके, इट्स ओके,’ यतीन म्हणाला आणि डेलचा हात हातात घेऊन हलवत राहिला. पार्किंगमध्ये परत आल्यावर मी गाडी सुरू केली. तो आत बसेना. दाराला धरून उभा राहिला आणि म्हणाला, ‘मला हवं होतं गं ते.’

मी गाडी बंद केली.

‘आज मॅच बघायचीय मला,’ तो म्हणाला. मी तिकिटं काढली.

आठव्या इनिंगमध्ये ऑटर्स एका धावेनं पुढे होते आणि समोरच्या टीमचे खेळाडू तिन्ही बेसवर उभे होते. पेराल्टाला आणलं. पोट सावरत, आरामात, बाजारात निघाल्यासारखा आला. बाजूनं हात फिरवून त्यानं ते हळू बॉल टाकले. पहिल्याचा फटका मातीत. बॉल उचलून एकाला बाद केलं, तिथून फेकून दुसऱ्याला. एक आधीच बाद होता, तीन झाले आणि त्यांची पाळी संपली. घरी कुणी पोचलं नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

माझ्या पलीकडे एक म्हातारा अमेरिकन बसला होता. तो आपल्याच नादात म्हणाला, हा कुठून शोधून काढला कुणास ठाऊक, ज्यानं काढला त्याला खेळ कळतो.

मी तोंड उघडणार होते. त्याआधीच यतीन माझ्यावरून वाकून त्याला म्हणाला, ‘मी काढला. आय पिक्ड हिम. मला हे काम येतं.’

आवाज चांगला खणखणीत होता. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून बघितलं.

‘गुड फॉर यू,’ म्हातारा म्हणाला आणि शेंगांच्या पुडीकडे वळला. यतीन परत नीट बसला. जे आमच्या टेबलावर डेलला सांगायचं होतं, ते त्यानं दोन आठवड्यांनी एका अनोळखी माणसाला सांगितलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो पुसतही नव्हता. मी त्याचा हात धरला. मॅचची अजून एक इनिंग बाकी होती, ती आम्ही शेवटपर्यंत बघितली.