टेलेस्फोरो सरांच्या वर्गातलं दहावं नाव

आमच्या दरीतल्या शेतकी कॉलेजात सगळ्यात कडक कायदा दहाचा. वर्गात दहा नावं भरली नाहीत की वर्ग बंद. आणि यादीवर काट मारायची कुणी, तर मी, रेमेदियोस, नोंदणी खिडकीतल्या कारकुनिणीनं. पोरं तोंडावर मला 'मनांग रेमी' म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. पाठीमागे काय म्हणायची तेही ऐकू यायचं. मी काही बहिरी नव्हते.

त्या जूनमध्ये तीन वर्ग नऊवर अडकले. टेलेस्फोरो सरांचा तांत्रिक रेखाटनाचा, हर्मिनिया मॅमचा कीटकशास्त्राचा आणि लिगाया मॅमचा साहित्याचा. कॉलेजात नुकतेच कॉम्प्युटर आले होते. हाताने रेघा मारायला, किडे पकडायला नि कविता वाचायला वेळ होता कुणाला? तिघं मधल्या सुट्टीत एका बाकावर बसले आणि भाताचा केक संपेपर्यंत त्यांनी तोड काढली. कॉलेजच्या नोकरीतल्या माणसाला एक विषय फुकट शिकता यायचा. तेव्हा सर बसले किड्यांच्या वर्गात, किड्यांच्या मॅम साहित्यात, आणि साहित्याच्या मॅम सरांच्या वर्गात. झाले तिन्ही वर्ग दहा-दहा!

मी यादी बघून म्हटलं, "सर, ही शुद्ध लबाडी आहे हं."

"आडिंग, नापास झालो तर लबाडी," सर म्हणाले. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी धाकटी, म्हणून त्यांची आडिंग. "पास झालो तर शिक्षण."

सर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. बायको वारलेली, मुलगी हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळायला गेलेली. रेघ चुकली तर पोराच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती पुन्हा काढायला लावायचे, आणि मग त्यालाच कँटीनमध्ये नेऊन पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, खाऊ घालायचे. एकदा मला म्हणाले, "हा वर्ग गेला तर सकाळी उठून मी शर्टाला इस्त्री कशासाठी करायची, सांग."

किड्यांच्या वर्गात प्रत्येकाला एकाच जातीचे पन्नास किडे आणून त्यांतला लहानमोठेपणा मोजायचा आणि शेवटी मापांसोबत तेच किडे जमा करायचे होते. सरांनी चिंचेवरचे भुंगेरे निवडले. पहाटे झाड हलवून पाडले, एकेक मोजला, एकेकाचं चित्र काढलं, आणि पन्नासही आइस्क्रीमच्या डब्यात घालून आमच्या कार्यालयातल्या फ्रीजरमध्ये ठेवले, कारण इमारतीत दुसरा फ्रीजरच नव्हता. डब्यावर नाव नाही, गाव नाही! आता आमच्याकडे आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून सगळं असतं, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

ऑक्टोबरात माझा वाढदिवस आला. फ्रीजर उघडते तो काय, डबाभर भुंगेरे! आमच्याकडे हे पावसाच्या तोंडाशी मिळणारं आवडतं खाणं, तेही अवकाळी! मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवलेत. मी पाय-पंख काढले, लसूण नि व्हिनेगर घालून कुरकुरीत परतले आणि सगळ्यांना हाका मारल्या. सरांनी तीनदा वाढून घेतलं.

"आडिंग, या दिवसांत भुंगेरे मिळाले कुठं गं?"

"मिळाले कुठं म्हणजे? आपल्या फ्रीजरमधून."

सरांनी चमचा खाली ठेवला. ओरडतील असं वाटलं, पण नाही. ताटलीकडे बघून म्हणाले, "चव मात्र छान होती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी बहिणीच्या गावाहून बर्फात ठेवलेले पन्नास भुंगेरे मागवले. सरांनी त्यांतले चार मोजले आणि डबा मला परत दिला. "हे ते नव्हेत. माझा पहिलाच बावीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटर होता."

"अहो, पण कोण बघायला बसलंय?"

"मी बसलोय ना."

आमच्याकडे एक म्हणजे उत्तम, तीन म्हणजे काठावर पास आणि पाच म्हणजे नापास. हर्मिनिया मॅमनी रडत रडत पाच लिहिले. त्या पाचामुळे अदलाबदल वर कळली; साहेबांनी सगळ्यांना झापलं आणि शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसणं कायमचं बंद केलं.

पुढच्या जूनला किड्यांच्या वर्गाला तीस नावं आली. ज्या वर्गातला गृहपाठ खाता येतो तो कुणाला नको? साहित्य सक्तीचं झालं. रेखाटन पुन्हा नऊवर. मी शिक्षिका नव्हते, तेव्हा मी दहाव्या ओळीत माझंच नाव घातलं. नियमानं, पास झाले तर पुढच्या वर्षीही त्याच वर्गात पुन्हा बसता येणार होतं. एकदा नापास झालेल्या नोकरमाणसाला मात्र पुन्हा संधी नव्हती, आणि माझ्या जागी बसायला पहारेकरीसुद्धा तयार नव्हता.

ते पाच महिने! अजून आठवले की जीव कासावीस होतो. पोरांच्या मधोमध मी, चव्वेचाळीस उलटलेली बाई, नाकाला शिसं लागलेली. सर मागे येऊन उभे राहायचे. "आडिंग, पेन्सिल धरलीयस की विळा?" पोरं खिदळायची. संध्याकाळी खिडकीतलं काम आटोपलं की सर मला आणखी तासभर शिकवायचे. घरी जावंसंच वाटायचं नाही. इतकी सुखात मी कधी नव्हते, लग्नातसुद्धा नाही.

शेवटच्या परीक्षेला शेताच्या पाण्याच्या पाटावरल्या लोखंडी दाराचं चित्र होतं. सरांनी माझ्या कागदावर पट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. एक भोक दोन मिलिमीटर सरकलं होतं.

"सर, बघून न बघितल्यासारखं करा ना," मी हात जोडले. "वर्ग तुमचा जातोय, माझा नाही."

"या मापानं उद्या कुणीतरी लोखंड कापेल, आडिंग."

त्यांनी पाच लिहिले आणि गुणांचा कागद माझ्याच हातात दिला, कारण नोंदवहीत चढवणारी मीच होते. पाचाचे तीन करायचे म्हटले तर कुणाला कळणार होतं? सर वही कधी बघत नसत. पाच लिहिले की पुढच्या जूनला वर्ग बंद. तीन लिहिले की चालू. जेवायची सुट्टी संपेपर्यंत मी वही उघडी ठेवून बसले होते. शेवटी पाच लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खिडकीशी आले. मागे पोरांची रांग होती.

"लिहिलंस?"

"पाच."

"बरोबर." ते थोडे घुटमळले. "जड गेलं का गं?"

मी सगळ्या रांगेसमोर हुंदके देऊन रडायला लागले.

"मलाही," सर म्हणाले.